पोकेमॉन गोल्ड: बंद केलं की सेव्ह गायब (माझा अनुभव)

लक्षण: गेम बॉयवर (हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) पोकेमॉन गोल्ड मस्त चालतो, सेव्ह झालं असंही सांगतो. बंद करून परत लावला की ‘कंटिन्यू’ गायब, नुसतं ‘न्यू गेम’.

आधी कार्ट्रिजच्या (गेमच्या डबीच्या) पिना स्पिरिटने पुसल्या, फरक शून्य. मग आतला जुना सेल काढून नवा चिकटपट्टीने दाबून बसवला. कार्ट्रिज जरा हललं की सेव्ह उडाला, माझा टोटोडाइल (गेममधला पोकेमॉन) गेला. जाम वैताग आला.

गोल्डचा सेव्ह आतल्या ३ व्होल्टच्या सीआर२०२५ सेलवर टिकतो. दिवस-रात्रीचं घड्याळही त्याच्यावरच चालतं, म्हणून आधीच्या पोकेमॉन रेड-ब्लू गेमपेक्षा हा सेल लवकर संपतो.

जळगावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्या भाऊने बजावलं, “भो, सेलले सीधा डाग नको दिऊ, फुटी जाई.” म्हणून पत्र्या (बोर्डला जोडायच्या धातूच्या पट्ट्या) आधीच जोडलेला सीआर२०२५ घ्या. साध्या सेलवर डाग द्यायला (सोल्डर करायला) जाऊ नका.

कार्ट्रिजचा मागचा स्क्रू ३.८ मिमीच्या गेमबिटनेच (अशा खास स्क्रूचा पाना) उघडतो. बोर्डवर अधिक-उणे छापलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या पत्रीचा डाग गरम करा, वितळला की पत्री अलगद उचला. ओढलीत तर खालचा तांब्याचा थर सुटतो. जुनं कथील साफ करा. नवी पत्री बसवून प्रत्येक जोडाला सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन-तीन सेकंदच टेकवा. मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसलं की झाकण लावा. नवा गेम सुरू करून सेव्ह करा, रात्रभर बंद ठेवून सकाळी तपासा. जुना सेव्ह मात्र परत येत नाही.

पोकेमॉन रुबी-सफायर (नंतरचे गेम) वाल्यांनो, तुमचा सेल सीआर१६१६. तो संपला तरी सेव्ह राहतो, फक्त घड्याळ थांबतं.