विंडोजवरचा प्रोजेक्ट लिनक्सवर नेताय? या चुका टाळा

माझ्या लॅपटॉपवर वर्षभर निमूट चाललेला प्रोजेक्ट उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) सर्व्हरवर चढवला आणि पहिल्याच स्क्रिप्टने मान टाकली. ‘बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर दिसत होती, स्क्रिप्ट चालवणारा ‘बॅश’ हा प्रोग्रॅमही जागेवर होता. तासभर पाथ तपासत बसलो. घोळ होता पहिल्या ओळीच्या टोकाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या एका अक्षराचा.

विंडोज ओळ संपवताना दोन खुणा ठेवतं: कॅरेज रिटर्न (सीआर) आणि लाइन फीड (एलएफ), म्हणजे 13 आणि 10 या कोडची अक्षरं. लिनक्सला नुसता 10 पुरतो. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव असतं; उरलेला 13 लिनक्सला त्यातल्या ‘बॅश’ या नावाचाच भाग वाटतो आणि तसल्या नावाचा प्रोग्रॅम मशीनवर कुठेच नसतो. फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ कमांडला कॅपिटल ‘ए’चा पर्याय देऊन फाइल बघा, ओळींच्या शेवटी टोपीवालं एम (^M) दिसलं की चोर सापडला. ‘डॉस-टू-युनिक्स’ टूलने फाइल साफ होते, पण तेवढ्यावर थांबू नका. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल; प्रत्येकाच्या गिटमधल्या, ओळींचे शेवट आपोआप बदलणाऱ्या ऑटोसीआरएलएफ सेटिंगवरही विसंबू नका. रिपॉझिटरीतच (टीमच्या सामायिक कोडच्या साठ्यात) गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइल ठेवा आणि तिच्यात शेल स्क्रिप्टना एलएफ, बॅच फाइलना सीआरएलएफ अशी सक्ती करा. मग सगळ्या टीमला एकच नियम लागतो.

पुढची ठेच नावांची. फाइल कॅपिटल ‘यू’ची ‘यूजर’ आणि ती कोडमध्ये मागवणाऱ्या इम्पोर्टच्या ओळीत स्मॉल ‘यू’. विंडोज आणि मॅक सहसा दोन्ही एकच धरतात, लिनक्स धरत नाही. नाव सुधारताना गिटचीच ‘एमव्ही’ कमांड वापरा, नाहीतर विंडोजवरच्या गिटला बदल झाल्याचं कळतच नाही.

आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, मग मराठी नावं दिली की सुटलो? छे! ‘कर्मचाऱ्यांची यादी’ घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: अखंड एक अक्षर, किंवा ‘र’ आणि त्याला नुक्ता (अक्षराखालचा टिंब). मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं अशी फोडूनच साठवायची. तिथून आलेली फाइल लिनक्सवर यादीत दिसते, पण कोडमधल्या अखंड ‘ऱ’ने शोधली तर सापडत नाही. फाइलच्या आत खुशाल मराठी लिहा; नाव मात्र साध्या स्मॉल इंग्रजी अक्षरांत ठेवा.

नोड मॉड्यूल्स किंवा पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर (प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजं यांत असतात) झिप करून नेणं हा तर शुद्ध आळस. आतल्या बायनरी (थेट चालणाऱ्या तयार फाइल) जुन्या सिस्टिमसाठी बनलेल्या असतात. लॉक फाइल (कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती हवी याची यादी) न्या, पॅकेजं नव्या मशीनवर इन्स्टॉल करा.

उलट्या प्रवासातही खड्डे आहेत. लॉगच्या (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइलच्या) नावात वेळ म्हणून ‘12:30’ घातलेलं लिनक्सला चालतं. विंडोजला कोलन चालत नाही, आणि अशी एखादी फाइल गिटमध्ये कमिट (नोंद) झाली असेल तर विंडोजवर चेकआउट, म्हणजे गिटमधून फाइल डिस्कवर उतरवणं, तिथेच अडतं.