जुनी मोटारसायकल पासिंगला नेताय? या चुका टाळा

पंधरा वर्षं भरली की मोटारसायकलची नोंदणी संपते आणि गाडी आरटीओत पुन्हा पास करून घ्यावी लागते. तिथून पुढं दर पाच वर्षांनी तेच. आमच्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईच्या बाजूला २००५ ते २०१०च्या स्प्लेंडर, प्लॅटिना, डिस्कव्हर अजून रोज पळतात. दूध घालायला, बाजाराला, फवारणीचा पंप घेऊन रानात. इंजिन ठणठणीत असतं. तरीही गाडी नापास होऊन दारात परत येते, आणि कारणं दरवेळी तीच. हे बघून बघून जीव वैतागलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पासिंगच्या तोंडावर चेसिसला रंग मारणं. ओळखीतल्या एका शेतकऱ्याची २००६ची स्प्लेंडर. गाडी चकचकीत दिसली की काम लवकर होईल असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. वेल्डिंगवाल्याकडून त्यानं चेसिसला काळा ऑईल पेंट मारून घेतला, ब्रशनं, जाड दोन हात. चेसिस नंबर हँडलखालच्या कोनसेटच्या पाईपवर ठोकलेला असतो. त्याची सगळी अक्षरं रंगानं बुजली. पासिंगच्या दिवशी कागद ठेवून पेन्सिल घासली तर छाप उमटेना. बाजूच्या एकानं पॉलिश पेपर हातात दिला, ‘घास जोरात’ म्हणाला. यानं घाईघाईत रंगासोबत लोखंडही घासलं आणि शेवटचे दोन आकडे पुसट झाले. आता विषय रंगाचा राहिला नाही, नंबरशी छेडछाड झाली का, हा झाला. चोरीची गाडी याच नंबरावरून ओळखतात, त्यामुळं तपासणाऱ्याला ते सोडून देता येत नाही, आणि देऊही नये. मग खरेदीचं जुनं बिल, विम्याचे कागद, मूळ आरसी गोळा करत त्या माणसानं कार्यालयाच्या चकरा मारल्या. ऐन वेचणीचे दिवस, मजूर रानात आणि मालक जिल्ह्याच्या ठिकाणी रांगेत.

माझ्या गॅरेजात गाडी आली की मी आधी नंबर बघतो, इंजिनला हात नंतर. चिंधी डिझेलमध्ये बुडवून ती जागा पुसायची. रंग बसला असेल तर पेंट रिमूव्हर लावायचा, तो फुगेपर्यंत थांबायचं आणि जुन्या टूथब्रशनं हळूहळू काढायचा. वायर ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर त्या जागेला लागू द्यायचा नाही. मग स्वतः पेन्सिलनं छाप घ्यायची आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर ताडून बघायचं. इंजिन नंबराचंही तसंच, कारण तिथं आपली काळी माती आणि गळकं ऑईल मिळून असा थर बसतो की नंबर कुठं आहे तेच सापडत नाही. शेवटी ग्रीसचा पातळ हात द्यायचा, गंज धरत नाही. हे काम पासिंगच्या आदल्या रात्री करू नका. आठवडाभर आधी करा.

दुसरी चूक पीयूसीची, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्याची. बीएस म्हणजे धुराच्या नियमांचे टप्पे, आकडा मोठा तितका नियम कडक. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावी लागते, बीएस-४ पासून पुढच्या गाडीला वर्षातून एकदा. २००० नंतरच्या अशा जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साईड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएमपर्यंत चालतं. चांगल्या अवस्थेतली जुनी स्प्लेंडर यात आरामात बसते. न बसण्याचं कारण बहुतेक वेळा एअर फिल्टर असतं. उन्हाळ्यात पांदीच्या रस्त्यानं फिरलेल्या गाडीचा फिल्टर उघडून बघा, मूठभर धूळ निघेल. हवा कमी आली की पेट्रोल जास्त जळतं, प्लग काळा पडतो आणि आकडा वर जातो.

पण फिल्टर कोण बदलतो? लोक कार्बोरेटरचा एअर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, फिरवतात. पिळला, आकडा खाली आला, पावती घेतली आणि निघाले. एक पोरगा असंच करून गेला. थंडी पडल्यावर सकाळी गाडी सुरूच होईना, एक्सलेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटाके. उपाय म्हणून तो अर्धा चोक ओढून गाडी चालवायला लागला. म्हणजे स्क्रूनं कमी केलेलं पेट्रोल चोकनं दुप्पट आत. महिन्याभरात प्लग गेला, अ‍ॅव्हरेज पडलं आणि माझ्याकडं येऊन म्हणतो, इंजिनचं काम काढा! इंजिनला काही झालेलं नव्हतं. नवा फिल्टर, नवा प्लग, कार्बोरेटर धुऊन स्क्रू जागेवर आणला, गाडी सुरळीत. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यात मुळात ऑक्सिजन असल्यानं मिश्रण आधीच थोडं पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि जुना कार्बोरेटर ते स्वतःहून सावरू शकत नाही. त्यावर आणखी स्क्रू पिळणं म्हणजे दुखणं वाढवणं. शिकाऊ पोरांना मी हेच सांगतो की स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

पीयूसीला थंड गाडी नेऊ नका, आठ-दहा किलोमीटर चालवून न्या. सायलेन्सरला भोक असेल तर आधी ते बुजवा, नाहीतर बाहेरची हवा शिरून आकडा खोटा येतो. गाडी न नेता पीयूसी मिळवून देणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. कागद मिळतो, धूर तसाच राहतो.

ब्रेकबद्दल एकच बघा. मागच्या ड्रम ब्रेकचा नट आवळत आवळत रॉडच्या आट्यांच्या टोकाला आला असेल तर लायनर संपलेत. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅनेलवर बाणाची खूण असते. ब्रेक दाबल्यावर काटा खुणेच्या पुढं गेला की शू बदला. आणि ब्रेक आवळला की स्टॉप स्विचही जुळवा. मागचा लाल दिवा न लागल्यामुळं नापास झालेल्या गाड्यांची तर गिनतीच नाही.

हेडलाईटमध्ये स्वस्तातला पांढरा एलईडी टाकला असेल तर काढा. जुना रिफ्लेक्टर फिलामेंटच्या बल्बसाठी बनवलेला असतो, एलईडीचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. फटफट वाजणारा सायलेन्सर, कर्कश हॉर्न, वेल्डिंग केलेलं दुधाच्या कॅनचं स्टँड, हे सगळं घरी उतरवून ठेवा. बॅटरीत बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडचं पाणी क्षारांचं आहे, प्लेटा खराब होतात आणि पासिंगच्या दिवशी इंडिकेटर मिणमिणतो. डिस्टिल्ड वॉटरची बाटली काही फार महाग नसते.

कागदांचं. अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो, तेव्हाच करा. नूतनीकरणाची फी हजार रुपये आहे, वीस वर्षांवरच्या मोटारसायकलला २०२५ पासून दोन हजार. उशीर झाला की महिन्याला तीनशे दंड. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा खुणांची नंबर प्लेट बसवल्याशिवाय आरटीओतली कामं अडतात, म्हणून तिची तारीख आधी घ्या. विमा चालू हवा. आरसीवर फायनान्सचा बोजा दिसत असेल तर कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेची एनओसी आणून तो उतरवून घ्या. गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ट्रान्सफर आधी करा, पासिंग नंतर.