माळवदाला इटालियन झुंबर टांगायचं तर

झुंबर नंतर, आधी तुळई. लातूरला वायरिंगची कामं करतोय त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कुणी जुनं झुंबर दाखवायला लागलं की मी म्हणतो, काच नंतर बघू, आधी शिडी आणा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेलं सपाट छप्पर. आमच्या गल्लीत त्याची माती झोपलेल्या माणसांवर आली. माणसाच्या डोक्यावर काय टांगायचं आणि कशाच्या भरवशावर, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीआधी औशाच्या एका वाड्यात अठरा किलोचं झुंबर बसवलं. घरच्या मुलानं गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीच्या बाजारातून आणलेलं. फिकट मधाच्या रंगाची काच, नऊ हात. त्याच कामावरून सांगतो.

तुळईला हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं. सागवान शाबूत असेल तर आवाज ठणठणीत येतो, वाळवी लागली असेल तर बोद. शंका आली तिथं पेचकस टोचून बघा. खालून स्क्रू मारून हूक अडकवायचा नाही. तुळईतून आरपार भोक, त्यात बोल्ट, वर जाड लोखंडी पट्टी आणि दोन नट. त्यासाठी वरची पांढरी माती थोडी उकरावी लागते, पावसाळ्याआधी ती पुन्हा नीट चोपून घ्या. स्लॅबचं घर असेल तरी पंख्याच्या जुन्या हुकाला झुंबर लावू नका. त्याचा पाय सळईला नीट अडकलाय की नुसता काँक्रीटमध्ये रुतलाय, हे खालून कळत नाही.

हूक बसला की त्याची परीक्षा. मी झुंबराच्या चौपट वजन टांगतो. औशाला पोत्यात काट्यावर मोजून ७५ किलो ज्वारी भरली आणि रात्रभर लटकवून ठेवली. घरातल्या आजी खाली उभ्या राहून म्हणाल्या, "लेकरा, पोतं आलं तर ज्वारी सांडंल, वेचून घेऊ. काच आली तर काय करावं?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून दुसऱ्या तुळईत वेगळा बोल्ट घेऊन तिथून झुंबराच्या मधल्या दांड्याला स्टीलची वायर रोप बांधली. ती जरा सैल असते, रोज तिच्यावर भार नसतो. हूक सुटलाच तर झुंबर तिच्यावर अडकतं.

आता झुंबराची ओळख. १९५०-६० च्या काळातलं इटालियन झुंबर म्हणून जे येतं त्याचे ढोबळ दोन प्रकार. एक मुरानोचं. आगीच्या भीतीनं व्हेनिसनं काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये या बेटावर हलवल्या, तेव्हापासूनची ती परंपरा. व्हेनिनी हा १९२१ सालचा कारखाना त्यातलाच. दुसरं मिलानकडचं, स्टिलनोवो किंवा आर्तेलुचे या कंपन्यांसारखं: पितळी नळ्या, रंगवलेला पत्रा, दुधी काच. आर्तेलुचेचे डिझायनर जीनो सारफात्ती यांचं १९५८ चं २०९७ नंबरचं झुंबर तर वायरी लपवतच नाही. त्या झोळासारख्या लोंबत्या वायरी हीच त्याची शोभा, कुणी त्या आवळून टेप गुंडाळू नका. मुरानोच्या बऱ्याच मालावर सही नसते आणि कागदी लेबल कधीच गळून गेलेलं असतं, म्हणून नुसत्या नावावर पैसे मोजू नका. माळवदाची खोली बुटकी असते, तेव्हा मजल्यावर मजले असलेलं झुंबर घेऊच नका. खालचं टोक जमिनीपासून सात फुटांवर तरी राहिलं पाहिजे.

वायरिंग जुनं असेल तर सगळं बदला. तेव्हाचं रबर हाताला भुगा होऊन लागतं. काचेच्या पोकळ हातातून नवी वायर ओढताना जुनीलाच दोरा बांधून ओढायची, तार खुपसायची नाही. होल्डर आपल्यासारखे पिनचे नसतात, आट्यांचे असतात, १४ किंवा २७ मिलिमीटरचे. आणि इथं चूक चालत नाही: फेज मधल्या टोकाला, न्यूट्रल आट्यांना. उलटं झालं आणि बटण चालू असताना कुणी बल्ब फिरवला, तर बोट थेट करंटला. पितळी सांगाड्याला अर्थिंग द्या, जुन्या मालाला ते बहुतेक नसतंच. मेगरनं, म्हणजे वायरीतून करंट गळतोय का ते दाखवणाऱ्या मीटरनं तपासा, वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. बल्ब एलईडीचे, पिवळसर, २७०० केल्विनचे. चाळीस वॅटचे नऊ म्हणजे ३६० वॅट. एलईडीचे चार वॅटचे नऊ फक्त ३६. लाइट गेली तरी इन्व्हर्टरवर आरामात चालतात, आणि काच तापत नाही.

धुण्याचं पाणी बोअरचं नको. आमच्याकडचं पाणी इतकं जड आहे की काचेवर पांढरे डाग बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्यात थोडं रिठ्याचं पाणी घाला. आधी चारी बाजूंनी फोटो, मग प्रत्येक हाताला चिकटपट्टीवर नंबर. टोपलीत जुनं धोतर अंथरून एकेक नग धुवायचा, वरून फवारा कधीही मारायचा नाही. पितळेला चिंच किंवा पितांबरी लावू नका, वरचं लाखेचं पॉलिश निघून जातं आणि मग ते काळवंडतच राहतं. तिथं नुसतं मऊ फडकं.

जोडताना हात समोरासमोर बसवा: पहिला, मग त्याच्या समोरच्या बाजूचा. एका बाजूचे सगळे आधी लावले की सांगाडा कलतो आणि काच काचेवर आपटते. प्रत्येक हाताखाली वाटीत बुचाचं वॉशर ठेवा, नट बोटानं बसेल तेवढाच. पाना लावला की काच तडकलीच म्हणून समजा. पंखा लागतोच आपल्याला, उन्हाळ्यात त्याशिवाय कसं राहणार. पण तो दुसऱ्या खणात घ्या, आणि पूर्ण वेगात फिरवून झुंबर हलतंय का ते बघा.

पहिल्या दिवशी चार तास चालू ठेवा. मग मेन बंद करून प्रत्येक होल्डरला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथला स्क्रू ढिला आहे. महिन्याभरानं वरच्या बोल्टचे नट पुन्हा एकदा तपासा, कारण नव्या भोकाभोवती लाकूड थोडं दबतं. औशाला मी गेलो तेव्हा एक नट पाव आटा फिरला.