सबसिडीच्या फाइलीत या चुका टाळा

जिल्हा उद्योग केंद्राच्या टेबलासमोर पहिला प्रश्न ठरलेला असतो: “सबसिडी किती मिळते?” धंदा कोणता, कुठे टाकणार, माल कोण घेणार, हे सगळं नंतर. फाइल अडकण्याचं मूळ इथेच आहे. मुंबई-ठाणे-पुण्याबाहेर कारखाने जावेत म्हणून राज्य 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवतं. तिच्यात तालुक्यांचे अ, ब, क, ड, ड+ असे गट आहेत आणि मागास तालुक्याला जास्त लाभ मिळतो. लहान धंद्याच्या योजनांतही तोच हिशेब: पैसा कुठे आणि कोणाला जावा हे सरकारने आधीच ठरवलंय.

केंद्राची पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) 2008 पासून आहे, राज्याची सीएमईजीपी (मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम) 2019 पासून. साचा सारखाच, पण खर्चाची मर्यादा आणि वयाची अट वेगळी, शिवाय बदलती. म्हणून अर्जाआधी ताजा शासन निर्णय वाचावा. खालचे आकडे पीएमईजीपीचे.

सर्वांत महाग चूक म्हणजे सबसिडी रोख मिळते असं धरून चालणं. शेंगदाण्याचं तेल काढणाऱ्या लाकडी घाणीचा 12 लाखांचा प्रकल्प घ्या, 9 लाख मशिनरी आणि शेड, 3 लाख खेळतं भांडवल. अर्जदार महिला, जागा ग्रामपंचायत हद्दीत. स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 60 हजार. उरलेले 11 लाख 40 हजार बँक कर्ज म्हणून देते. 35 टक्के सबसिडी, म्हणजे 4 लाख 20 हजार, बँकेत येते खरी, पण तीन वर्षं टीडीआरमध्ये, म्हणजे मुदत ठेवीत, अडकून पडते. तिच्यावर व्याज मिळत नाही, तेवढ्या कर्जावर लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष तपासणी होते, युनिट चालू दिसलं की ती रक्कम कर्जात वळती होते. आणि लोक काय करतात? “चार लाख येणारच आहेत” म्हणून 60 हजारसुद्धा सावकाराकडून उचलतात. पहिल्या वर्षी हप्ता, सावकाराचं व्याज आणि दाण्यांची खरेदी एकदम अंगावर येते, दुसऱ्या वर्षी घाणीला कुलूप. मग टीडीआर सरकारजमा आणि कर्ज तसंच डोक्यावर. घरखर्चाची वही काढा आणि सबसिडी शून्य धरून हप्ता झेपतो का ते बघा. झेपत नसेल तर प्रकल्प लहान करा.

याच उदाहरणात जागा नगरपंचायत हद्दीत असेल तर दर 25 टक्के, म्हणजे 3 लाखच. 1 लाख 20 हजारांचा फरक. तालुक्याची कितीतरी गावं आता नगरपंचायती झाली आहेत, तरी लोक जुना ग्रामपंचायतीचा दाखला जोडतात. पाहिली जाते युनिटची जागा, तुमचं राहतं घर नव्हे.

दुसरी चूक हुशारीची. खेळतं भांडवल 3 चं 6 लाख दाखवायचं, कारण वाढीव 3 लाखांवर 35 टक्के, म्हणजे 1 लाख 5 हजार सबसिडी जास्त. एजंट हेच शिकवतात. नियम मात्र असा की त्या तीन वर्षांत सीसी (खेळत्या भांडवलाचं कॅश क्रेडिट खातं) एकदा तरी पूर्ण मर्यादेला टेकली पाहिजे आणि वापर किमान 75 टक्के हवा. नाहीतर त्या प्रमाणात सबसिडी परत. रोज 100 किलो दाणे, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 2,500 किलो. भाव किलोला 110 रुपये धरला तर 2 लाख 75 हजार. गरज एवढीच, मग सहा लाख वापरणार कुठे?

तेलाचा उताराही असाच फुगवलेला. दाण्यात मुळात तेल पन्नास टक्क्यांच्या आसपास. लाकडी घाणीला 100 किलोला 40 किलोच्या आगेमागे मिळतं, बाकी पेंड. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 60 लिहिलं की बँक मॅनेजर पुढचं पानही उलटत नाही. दुसऱ्याच्या रिपोर्टची झेरॉक्स मारणाऱ्यांचं हे ठरलेलं पान. पहिल्या वर्षी क्षमता 60 टक्के धरा, पेंडीची विक्री वेगळी दाखवा.

मशीन आधी आणि मंजुरी नंतर, ही घाई तर अनेकांना नडते. प्रदर्शनात डीलर म्हणतो, “भाव रविवारपर्यंतच.” बिलाची तारीख मंजुरीआधीची निघाली की युनिट आधीचंच ठरतं आणि पहिल्या कर्जासाठी फक्त नवं युनिट चालतं. जीएसटी क्रमांकासह कोटेशन घ्या, त्यावर मुदत 90 दिवस लिहून घ्या, पैसे बँकेकडूनच डीलरच्या खात्यात जाऊ द्या. बिल फुगवून रोख परत देणारा डीलर भेटला तर उठून या.

जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ. थ्री-फेजचा अर्ज मंजुरी आल्याबरोबर महावितरणकडे द्या, मशीन येऊन वीज नाही असं होऊ नये. 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितलं तर रिझर्व्ह बँकेच्या सूचना दाखवा. ऑनलाइन अर्ज आणि उद्यम नोंदणी दोन्ही मोफत आहेत, त्यासाठी दोन-तीन हजार मोजणाऱ्यांना काय म्हणावं!

आणि युनिटवर योजनेच्या नावाची पाटी लावा. तपासणीला आलेला माणूस सगळ्यात आधी तीच शोधतो.