कंपोस्टवर प्रोजेक्ट करताय? नत्राचा हिशेब असा ठेवा

नाशिकला कंपोस्टवर प्रोजेक्ट करायचा म्हटलं तर मालाची ददात नाही. कांदाचाळीतला सडका कांदा, वायनरीतला द्राक्षाचा चोथा, छाटणीच्या काड्या, भाजीबाजारातला पाला, हवं ते मिळतं. पण बहुतेक जण सुरुवातीला आणि शेवटी फक्त 'एकूण नत्र' (नायट्रोजन) तपासून आणतात आणि टक्के वाढले की खूश होतात. मला तो आकडा एकटा कधीच पुरेसा वाटला नाही.

हिशेब करून बघा. कोरडा माल 100 किलो, नत्र 1.5 टक्के, म्हणजे दीड किलो. कुजून 60 किलो उरला आणि नत्र 2 टक्के आलं, तर ते 1.2 किलो झालं. टक्के वाढले, पण तीनशे ग्रॅम नत्र गेलं! कार्बन त्याहून वेगाने हवेत जातो म्हणून ही फसगत होते. ढिगाचं वजन करणं जमत नसेल तर दोन्ही वेळा राखेचं (नमुना पूर्ण जाळल्यावर उरतं त्याचं) प्रमाण काढा. माती मिसळली नाही आणि पाणी झिरपून गेलं नाही, तर एकूण राख जवळपास तेवढीच राहते, म्हणून तिच्या प्रमाणावरून किती माल उरला ते काढता येतं.

नत्र जातं ते मुख्यतः सुरुवातीच्या गरम दिवसांत. जिवाणू प्रथिनं फोडतात, अमोनियम तयार होतं. ढीग 55-65 अंशांवर आणि सामू (pH) 8 च्या वर गेला की त्याचा अमोनिया वायू होऊन उडतो. (सडक्या कांद्याचा उग्र दर्प मात्र गंधकाच्या संयुगांचा; त्यावरून नत्राचा अंदाज बांधू नका.) कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कार्बन) 25 ते 30 ठेवा असं सगळे सांगतात. ते बरोबरच आहे, पण जाड काड्यांमधला कार्बन लाकडात अडकलेला असतो, जिवाणूंना लवकर मिळत नाही. कागदावर 30 आणि ढिगात अमोनियाचा वास, असं त्यामुळे होतं. काड्या बारीक करून घ्या.

नायट्रेट गरम ढिगात शोधू नका. अमोनियमचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू 40 अंशांच्या वर मंदावतात, म्हणून ते ढीग निवल्यावर दिसतं. त्या काळात ढीग फार ओला झाला आणि हवा कोंडली, तर दुसरे जिवाणू त्याच नायट्रेटचा नायट्रोजन वायू आणि नायट्रस ऑक्साइड करून टाकतात. पावसाळ्यात ताडपत्री लागते ती यासाठी.

लॅबमध्ये अमोनियमचा नमुना ओव्हनमध्ये वाळवू नका, अमोनिया तिथेच उडतो. ओला नमुना बर्फाच्या डब्यात आणा, शक्यतो त्याच दिवशी 2 मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात हलवून गाळा. ओलावा किती आहे ते नमुन्याच्या वेगळ्या भागातून काढा. एकूण नत्र मोजायच्या साध्या केल्डाल पद्धतीत नायट्रेट धरलं जात नाही. पक्क्या खतासाठी सॅलिसिलिक आम्ल वापरून केलेली सुधारित पद्धत मागा. आणि नमुने समान अंतराने घेण्यापेक्षा पहिल्या पंधरवड्यात जास्त घ्या, नंतर आठवड्याला एक पुरतो.