कोर्सचं नंतर बघू, आधी कुणाला तरी कडेला बसवा

दर एप्रिलमध्ये एक-दोन जण येतातच. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाला शाळेचं उन्हाळी शिबिर मिळालेलं. प्रश्न ठरलेला: "ताई, कोच व्हायचंय, कुठला कोर्स करू?" मी उलट विचारते, "तुला शिकवताना कुणी पाहिलंय का?" कुणीच पाहिलेलं नसतं. मी सदाशिव पेठेत २२ वर्षं खो-खो शिकवतेय. पहिली सहा वर्षं मलाही कुणी पाहिलं नव्हतं.

मग एकदा आमच्या जुन्या सरांना बोलावलं. ते खांबाजवळच्या कट्ट्यावर बसले, हातात पेन आणि लग्नपत्रिकेचं पाकीट. तासभर तोंडातून शब्द नाही. जाताना पाकीट माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला उभ्या रेघा: ६० मिनिटांत पोरी प्रत्यक्ष पळाल्या २३ मिनिटं. बाकी वेळ एक तर रांगेत, नाहीतर माझं व्याख्यान ऐकत. १८ मुली, एक खांब, एकच रांग! एकेकीला तासात खांबावर वळायला मिळालं सहा वेळा. कुठल्याही कोर्सात मला हे कुणी दाखवलं नसतं.

तर तुम्हीही असंच करा. बघायला जिवलग मित्र नको, तो "मस्त घेतोस रे" म्हणून मोकळा होईल. दुसऱ्या खेळाचा माणूस चालतो. सणस मैदानावर ॲथलेटिक्स शिकवणारी माझी एक मैत्रीण आली आणि दहा मिनिटांत म्हणाली, "तुझ्या पोरी पाटीवरून उठताना आधी सरळ उभ्या राहतात, मग धावतात." पाटी म्हणजे खो मिळेपर्यंत बसायची जागा. मला ते कधी दिसलंच नव्हतं. आलेल्याला "कसं वाटलं?" असं विचारू नका. पुण्यातला माणूस खरं सांगेल, आणि महिनाभर तुमचं बोलणं बंद. मोजायला एकच गोष्ट द्या: किती वेळ पळाल्या, किंवा कितीजणींना तुम्ही नावाने हाक मारली. कुणी मिळालंच नाही तर मोबाइल कट्ट्यावर टेकवून ठेवा. घरी चित्र बघू नका, नुसता आवाज ऐका. मी स्वतःचा आवाज ऐकला, तेव्हा एका तासात "अगं बावळट" नऊ वेळा आलं होतं.

आता कोर्स. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे आपली 'एनआयएस', १९६१ साली सुरू झाली. तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स नोकरी सांभाळणाऱ्याला जमण्यासारखा; डिप्लोमाला वर्ष काढावं लागतं. गुलटेकडीच्या आगाशे कॉलेजातून होणारं बी.पी.एड. वेगळं: ते शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं तर. दोन्हींत गल्लत करून पोरं वर्षं वाया घालवतात. आणि एकदा प्रमाणपत्र घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. २०२२ मध्ये बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही लीग झाली तेव्हा मातीऐवजी मॅट होती, आणि कुठल्याही दिशेला पळू शकणारा 'वझीर' नावाचा खेळाडू होता. आम्ही मातीतली माणसं प्रेक्षकांत बसून वहीत लिहून घेत होतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपल्या दोन्ही संघांनी जिंकला. तेव्हापासून पालकही मॅटची चौकशी करतात.

हाडांचा एक डॉक्टर आणि एक फिजिओ ओळखीचे ठेवा, गरज पडायच्या आधीच. अकरा-बारा वर्षांची पोरगी गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणते, तिथे हाडाला टेंगूळ आलेलं असतं, दाबलं की कळवळते. उंची झपाट्याने वाढत असताना, आणि खो-खोत सारखी ऊठबस असताना, हे होतं. मी एकीला "नाटकं करू नकोस" म्हणून पंधरा दिवस पळवलं होतं. आता तसं दिसलं की ऊठबस आणि उड्या बंद, डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि त्या पोरीला वेळ नोंदवायला माझ्या शेजारी बसवायचं. खेळ सुटत नाही.

मुलींना शिकवताना एकटं राहू नका, पुरुष कोच असाल तर मुळीच नाही. स्पर्धेला जाताना एक आई बरोबर हवीच. पोक्सो कायदा २०१२ चा आहे. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही कळवलं नाही, तर तो तुमचाही गुन्हा. पोलिसांना कळवा किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला. "संस्थेचं नाव जाईल" असं सांगणारे भेटतील, मला भेटलेत.

मानधनाचं आधीच कागदावर घ्या. एका शाळेने माझं अख्खं शिबिर "पुढच्या महिन्यात देऊ" म्हणत बुडवलं. जास्त काय बोलायचं.

सरांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी रांगा तीन केल्या होत्या, दोन खांबांना एकेक आणि तिसरी शेजारच्या आंब्याला. पळण्याचा आकडा ४१ मिनिटांवर गेला. सरांनी पाकीट खिशात घातलं आणि म्हणाले, "आंब्याची मुळं वर आलीत. पडेल एखादी."

दुसऱ्या दिवशी घमेलंभर माती आणून टाकली.