घडी होणारी चाळ: टेबलावरच्या खेळासाठी कार्डपेपरची इमारत कशी बनवावी

टेबलावरच्या खेळासाठी गाव उभं करणं मुंबईत फारसं अवघड नाही. खेळ आटोपल्यावर ते गाव ठेवायचं कुठे, हे अवघड. पलंगाखाली बॅगा, माळ्यावर मखर, कपाटावर पाहुण्यांच्या गाद्या. अशा घरात फूटभर लांबीची प्लास्टिकची इमारत आणली तर दुसऱ्या दिवशी तिच्यासकट आपल्यालाही बाहेर काढतील. म्हणून इथे दिलेली इमारत कार्डपेपरची आहे आणि तिची सपाट घडी होते. तळमजला अधिक एक, दर मजल्याला तीन खोल्या, पुढे गॅलरी आणि वर मंगलोरी कौलं. घडी केल्यावर ती ए४ फाईलमध्ये मावते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बोटभर उंचीच्या बाहुल्या, फासे आणि मोजपट्टी घेऊन टेबलावर लढाई किंवा साहस खेळायचं. इमारतीला यात शोभेपलीकडे काम असतं. कोण कुणाला दिसतं, कोण कशाच्या आड आहे, वरच्या मजल्यावर कोण पोहोचलं, यावर डाव फिरतो. त्यामुळे मजले उघडता आले पाहिजेत आणि बाहुली आत उभी राहिली पाहिजे.

तयार नमुने इंटरनेटवर पीडीएफ स्वरूपात मिळतात. डेव्ह ग्राफम मॉडेल्स, फॅट ड्रॅगन गेम्स ही त्यातली जुनी नावं. पण त्यांत सराया, बुरूज आणि युरोपातली लाकडी चौकटींची घरंच जास्त. एखादं करून हात बसवा, त्याला हरकत नाही. मजा मात्र आपली चाळ उभी करण्यातच आहे. (विकत घेतलेली पीडीएफ स्वतःच्या खेळासाठी हवी तितक्या वेळा छापता येते, पण छापून विकायला किंवा वाटायला सहसा परवानगी नसते. सोबतच्या अटी वाचून घ्या.)

माप आधी ठरवा

या खेळांतल्या बऱ्याच बाहुल्या २८ मिमी उंचीच्या धरतात आणि पट चौकटींचा असेल तर १ इंच म्हणजे ५ फूट असा हिशेब असतो. ५ फूट म्हणजे ६० इंच, म्हणून प्रमाण झालं १:६०. एवढं कळलं की मुंबईतली कुठलीही इमारत कागदावर उतरवता येते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ती १० बाय १६ धरली, तर आपल्या प्रमाणात साधारण ५१ बाय ८१ मिमी येते. म्हणजे पटावरच्या दोन चौकटी रुंद आणि तीन चौकटींहून जरा जास्त खोल. सहा बाहुल्या आत गेल्या की दाटी होते. खऱ्या खोलीत काय होत असे, ते वेगळं सांगायला नको.

उंचीत मात्र प्रमाण थोडं मोडा. १० फुटी मजला हिशेबाने ५१ मिमी भरतो, पण बाहुली बैठकीच्या चकतीवर उभी असल्यामुळे तिचं डोकं दाराला टेकल्यासारखं दिसतं. ६० मिमी घ्या. गॅलरीचंही तसंच. चकती २५ मिमीची असते, म्हणून गॅलरी किमान ३० मिमी हवी. ही ६ फूट रुंद गॅलरी गिरगावात कुणाला दाखवली तर हसतील, पण तिच्यावर बाहुली उभी राहते आणि खेळात तेवढंच बघायचं.

आपली मापं अशी: लांब भिंत १७० मिमी, आडवी भिंत १०० मिमी, दोन मजल्यांची मिळून उंची १२० मिमी. एका ए४ कार्डावर एक लांब भिंत, तिला लागून एक आडवी भिंत आणि टोकाला चिकटवायचा १० मिमीचा फ्लॅप. एकूण लांबी २८० मिमी, म्हणजे २९७ मिमीच्या कागदावर प्रिंटरची कड सोडूनही बसते. अशी दोन कार्डं जोडली की चारही भिंती झाल्या.

कार्ड आणि छपाई

झेरॉक्सचा रोजचा कागद ७०-८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो. इमारतीला २०० ते २२० जीएसएमचं कार्ड लागतं. ३०० च्या पुढचं घरगुती प्रिंटर ओढत नाही, आणि ओढलंच तरी घडीवर फुटतं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाचे घाऊक दुकानदार आहेत. तिथे मोठा ताव घेऊन ए४ मध्ये कापून मागता येतो. याचा फायदा किमतीपेक्षा धाग्याचा. कागदाला तंतूंची दिशा असते. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या घडीला समांतर धागा. आपल्या कोपऱ्यांच्या घड्या उभ्या आहेत, म्हणून धागाही उभा, म्हणजे ए४ च्या आखूड बाजूला समांतर हवा. तयार पाकिटातल्या ए४ कार्डात तो बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो. तेच वापरलंत तर घडीची क्रीज, म्हणजे दुमडण्याआधी रेघेवर दाबून पाडलेली चर, जरा खोल मारावी लागेल, एवढंच.

स्वतः चित्र करायचं असेल तर इंकस्केप किंवा गिंप हे संगणकावरचे चित्रांचे प्रोग्रॅम पुरतात, दोन्ही फुकट आहेत. भिंतीचा फोटो समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून, त्याच मजल्याच्या उंचीवरून घ्या. खालून घेतलेल्या फोटोत चाळ वर निमुळती होते आणि ती सरळ करण्यात संध्याकाळ जाते. फोटो काढण्याआधी तिथल्या काका-मावशींना विचारा. दार त्यांचं आहे. वरळीच्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत, तेव्हा जुन्या चाळींतला पोपडे निघालेला रंग, लाकडी कठडे, जिन्यावरच्या जाळ्या यांचे फोटो जमतील तेवढे आत्ताच घेऊन ठेवा.

छापताना एकच गोष्ट सांभाळा: माप १०० टक्के. प्रिंटर किंवा दुकानातला मुलगा सवयीने ‘फिट टू पेज’ करतो आणि चित्र चार-पाच टक्के आकसतं. दोन पानं वेगवेगळ्या दिवशी छापली, एक आकसलं आणि दुसरं नाही, की छप्पर भिंतीवर बसत नाही. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ५० मिमीची एक रेघ टाका आणि पान हातात आल्याबरोबर दुकानातच पट्टी लावून बघा. अमेरिकन नमुने ‘लेटर’ मापाचे, २१६ बाय २७९ मिमी असतात. ए४ त्याहून ६ मिमीने अरुंद, त्यामुळे कडेचा फ्लॅप कापला जातोय का ते आधी तपासा. १५ मिमीच्या बाहुल्या असतील तर २८ मिमीचा नमुना ५४ टक्क्यांवर छापा.

इंकजेट की लेझर? लेझरच्या रंगाला पाण्याची भीती नाही, पण टोनर वरवर बसलेला असतो आणि घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. इंकजेट घडीवर छान राहतो, पण मुंबईच्या घामट बोटाने फिसकटतो. मी इंकजेटच्या बाजूने. फिसकटण्यावर वार्निशचा उपाय आहे, तडकण्यावर नाही.

हे वार्निश म्हणजे पारदर्शक मॅट स्प्रे. तो छापील कार्डावर कापण्यापूर्वीच मारा, दोन-तीन पातळ हात. खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातला दिवा, गॅस बंद असल्याची खात्री करा, फवारा पेट घेतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हाच स्प्रे दुधट होऊन बसतो आणि खालचं चित्र धुरकट दिसतं. पावसाची उघडीप बघून, कोरड्या दुपारी हे काम करा. नाहीतर दिवाळीनंतर.

आधी क्रीज, मग कापणं

लागणारं सामान: कटर आणि नवी पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट, संपलेला बॉलपेन, फेव्हिकॉल, ग्लू स्टिक, टूथपिक, कपड्यांचे चिमटे.

नवशिके थेट कापायला घेतात. इमारतीची सफाई कापण्यापेक्षा क्रीजवर अवलंबून असते. स्टीलची पट्टी घडीच्या रेघेवर ठेवा आणि संपलेला बॉलपेन दाबून दोनदा ओढा. कागद फाटता कामा नये, फक्त चर पडली पाहिजे. पानावरच्या सगळ्या क्रीज अखंड कार्डावर मारून झाल्या की मग आतली कापाकापी (खिडक्या, दारं), आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी. आधीच बाहेरून कापलं तर हातात हलणारा तुकडा उरतो. पातं एका दमात आरपार नेऊ नका, हलक्या हाताने तीन-चारदा फिरवा आणि दर भिंतीनंतर टोक मोडून टाका. मोडलेली टोकं रिकाम्या डबीत, केराच्या पिशवीत नाही. पिशवी दुसऱ्या कुणीतरी उचलायची असते.

आता ज्याचा लोक हमखास कंटाळा करतात ते काम: कडा रंगवणं. कापलेल्या कार्डाची कड पांढरी असते आणि लांबून बघितलं तरी तीच आधी डोळ्यात भरते. करड्या-तपकिरी रंगाची पेन्सिल कडेवर तिरकी फिरवा. स्केचपेन वापरणार असाल तर मागच्या बाजूने, कारण शाई पुढे पसरते. काळा रंग नको, त्याने इमारत कार्टूनसारखी दिसते. माझ्या मते इमारतीत या कामाने जितका फरक पडतो, तितका महागड्या प्रिंटरने पडत नाही.

जोडणी

दोन्ही कार्डं फ्लॅपने जोडा. फेव्हिकॉल टूथपिकने, अगदी पातळ लावायचा. जाड लावला तर पाण्याने कार्ड फुगतं. चिमटे लावून वाळू द्या. आता जे तयार झालं ते काडेपेटीच्या बाहेरच्या आवरणासारखं आहे: वर-खाली उघडं, आणि समोरासमोरचे दोन कोपरे दाबले की सपाट. सपाट केल्यावर लांबी १७० अधिक १००, म्हणजे २७० मिमी. फाईलचा हिशेब इथे जुळतो.

१७० मिमीची भिंत नुसत्या कार्डावर पोट काढते. मिठाईच्या खोक्याचा किंवा शर्टाच्या पाकिटातला पुठ्ठा आतून चिकटवा, पण कोपऱ्यापासून २ मिमी जागा सोडून, नाहीतर घडी होणार नाही. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर फेव्हिकॉल नको, ग्लू स्टिक वापरा आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

दोन्ही लांब भिंतींना आतून, जमिनीपासून ५७ मिमी उंचीवर ३ मिमी जाड सनबोर्डची (हलक्या पण ताठ फोमच्या तक्त्याची) बारीक पट्टी लावा, दोन्ही टोकांना ५ मिमी सोडून. त्यावर सनबोर्डचीच १६३ बाय ९७ मिमीची फळी बसते, तो पहिल्या मजल्याचा तळ. ही फळी चिकटवायची नाही. तीच इमारतीला काटकोनात धरते, आणि काढली की इमारत मिटते. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे फळी अडकत असेल तर मिलीमीटरभर कापून घ्या.

गॅलरीची पट्टी पहिल्या कार्डावर उरलेल्या जागेत छापा: १० मिमीचे तीन फ्लॅप, ३० मिमी तळ, १५ मिमी कठडा आणि तोच दुमडून दुहेरी करायला आणखी १५. पुढच्या भिंतीत सनबोर्डच्या पट्टीच्या लगेच वर तीन चिरा द्या. फ्लॅप त्यातून आत जातात आणि वर मजल्याची फळी ठेवली की दाबून धरले जातात. गोंद नाही, काही नाही. थर्माकोलबंदीनंतर बाजारात आलेली पुठ्ठ्याची मखरं बघा, त्यातले बरेच सांधे असेच असतात. धातूच्या जड बाहुल्या वापरत असाल तर गॅलरीखाली एल आकारात दुमडलेल्या कार्डाचे दोन खांब उभे करा.

जिना खरा बनवू नका. १ सेंटिमीटरच्या पायरीवर २५ मिमीची चकती उभी राहत नाही, ती घसरते आणि डाव थांबतो. जिना आडव्या भिंतीवर छापा, नियम ठरवा आणि पुढे चला.

छपरासाठी १९० बाय १४० मिमीचं कार्ड, मधोमध क्रीज. ३० अंशांचा उतार येतो आणि चारही बाजूंनी सुमारे १ सेंटिमीटर पागोळीचा भाग बाहेर राहतो. आतून पुठ्ठ्याचे दोन त्रिकोण, पाया ९८ मिमी आणि उंची २८ मिमी, एकाच उतारावर सेलोटेपच्या बिजागरीने लावा. उभे केले की छप्पर तोललं जातं, पाडले की सपाट. गॅलरीवर मात्र छप्पर घेऊ नका, बाहुली हलवायला बोटं आत जायला हवीत.

बाकी सजावट तुमच्या हौसेवर. पाण्याचं पिंप, तुळशीवृंदावन, मीटरचे खोके. एकच आग्रह: गॅलरीत दोरा ताणून कागदाचे वाळत घातलेले कपडे लावा. त्याने इमारत एका क्षणात चाळ होते, शिवाय खेळात त्यांना ‘अर्धवट आड’ धरता येतं.

ठेवताना

पाऊस हा कागदाचा शत्रू, आणि कसर त्याहून मोठा. आकाशकंदिलाला लावतात ती गव्हाची खळ इथे अजिबात वापरू नका, पिठाच्या वासावर कसर येते. मिटलेल्या इमारती झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आडव्या ठेवा. डबा बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकवू नका. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर प्लास्टिकच्या बाहुल्या त्या डब्यात नकोत, त्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. आणि प्रत्येक फळी, छप्पर, गॅलरीच्या मागे पेन्सिलीने इमारतीचा क्रमांक घाला. तिसरी चाळ झाली की कुठली फळी कुणाची, हे शोधण्यातच खेळाची वेळ संपते.